कंपनीचं नाव सर्वांत शेवटी

साठ ते ऐंशीच्या दशकांतल्या जपानी टीव्ही जाहिराती आज इंटरनेटवर लोक एकामागून एक बघत बसतात. त्या लहानपणी पाहिलेले जपानी तर बघतातच, पण जपानीचं एक अक्षरही न कळणारेही बघतात. कळायची फारशी गरज पडत नाही हे खरं, कारण यातल्या बहुतेक गाजलेल्या जाहिराती वस्तूबद्दल जवळपास काहीच सांगत नाहीत. घोडा दिसतो, झाड दिसतं, कुणीतरी धावतं, गाणं वाजतं आणि अगदी शेवटी कंपनीचं नाव येतं. ही रीत टीव्हीच्याही आधीची आहे.

जपानमध्ये खासगी रेडिओ सप्टेंबर १९५१ मध्ये सुरू झाला. त्याच वर्षी संगीतकार मिकी तोरिरो यांनी कोनिशिरोकु या फोटो-फिल्म बनवणाऱ्या कंपनीसाठी एका हौशी फोटोग्राफरचं गाणं केलं. बिचारा हौसेने फोटो काढतो आणि सगळे धूसर येतात. गाण्यात कंपनीचं नाव कुठेच नाही. फिल्म विकणाऱ्याने बिघडलेल्या फोटोंचं गाणं गायचं, ही कल्पना मंजूर करणाऱ्याच्या हिमतीला दाद द्यावी लागेल. जपानचं पहिलं जाहिरातगीत म्हणून याचंच नाव घेतलं जातं.

टीव्ही आला १९५३ साली. फेब्रुवारीत सार्वजनिक एनएचके आणि २८ ऑगस्टला जाहिरातींवर चालणारी निप्पॉन टेलिव्हिजन. पहिली जाहिरात सेइकोशा घड्याळांची, दुपारचे बारा वाजल्याचं सांगणारी. फिल्म उलटी लागली आणि आवाजच आला नाही, असं सांगतात. तेव्हा टीव्ही घेणं सामान्य माणसाच्या ऐपतीबाहेरचं होतं, म्हणून या वाहिनीने स्टेशनांबाहेर आणि चौकांत संच बसवले. १९५४ मध्ये रिकिदोझानची कुस्ती बघायला टोकियोच्या शिम्बाशी स्टेशनासमोर माणसांचा समुद्र लोटला.

पुढच्या काही वर्षांत टीव्ही घराघरांत शिरला आणि जाहिरातींना पहिला लाडका चेहरा मिळाला, 'अंकल टोरीस'. कोतोबुकिया, म्हणजे आजची सनटोरी, टोरीस ही स्वस्त व्हिस्की विकायची. १९५८ मध्ये चित्रकार यानागिहारा र्‍योहेई यांनी तिच्यासाठी मोठ्या डोक्याचा, बुटका, मध्यमवयीन नोकरदार काढला. तो बारमध्ये बसतो, एकेक पेला रिचवतो आणि त्याचा चेहरा लाल होत जातो. जाहिरात एवढीच. कंपनीच्या जाहिरात विभागात तेव्हा काइको ताकेशी आणि यामागुची हितोमी होते, पुढे दोघेही नामवंत कादंबरीकार झाले. १९६१ साली यामागुचींनी ओळ लिहिली, 'टोरीस प्या आणि हवाईला जाऊ या!' गंमत अशी, की पर्यटनासाठी परदेशी जायची मुभाच जपान्यांना नव्हती. ती मिळाली १ एप्रिल १९६४ ला. त्यामुळे या जाहिरातीच्या बक्षीस योजनेतल्या विजेत्यांना तिकीट नव्हे, तर प्रवासासाठीच्या बचत ठेवीचा दाखला द्यायचं ठरलं. दारूच्या जाहिरातीने बंद दाराआडचा समुद्रकिनारा दाखवला आणि लोकांना तो आवडला.

साठच्या दशकात पंधरा सेकंदांची जाहिरात रूढ होत गेली. एवढ्या वेळात गुण काय सांगणार? एक चाल, एक चेहरा, एक वाक्य, संपलं. १९६९ मध्ये मारुझेन तेल कंपनीच्या जाहिरातीत भरधाव गाडीच्या वाऱ्याने मुलीचा स्कर्ट उडतो आणि ती 'ओ! मोरेत्सु!' म्हणून ओरडते. मोरेत्सु म्हणजे जोरदार, झपाटलेलं. राबणाऱ्या जपानचंच ते विशेषण होतं. पुढच्याच वर्षी फुजी झेरॉक्सने 'मोरेत्सुकडून ब्यूटिफुलकडे' अशी हाक दिली. प्रदूषणाने आणि धावपळीने लोक विटले होते. यंत्रं विकणारी कंपनी लोकांना जरा दमानं घ्या म्हणू लागली.

त्याच १९७० मध्ये ओसाकाच्या तान्चो या कंपनीने शेवटचा डाव टाकला. पुरुषांच्या प्रसाधनांत शिसेइदोने तिला पार मागे टाकलं होतं. तिने 'मँडम' या नव्या प्रसाधनांसाठी हॉलिवूडचा चार्ल्स ब्रॉन्सन आणला. दिग्दर्शक ओबायाशी नोबुहिको. वाळवंट, घोडा, रापलेला चेहरा. ब्रॉन्सन हनुवटीवरून हात फिरवतो आणि खर्जात म्हणतो, 'उम्म... मँडम.' देशभरची पोरं हनुवटी कुरवाळत फिरू लागली. माल इतका खपला, की १९७१ मध्ये कंपनीने स्वतःचंच नाव बदलून मँडम केलं. हॉलिवूडचे तारे जपानी जाहिरातींत दिसण्याची जी रांग पुढे लागली, तिचा मोठा धडा हाच.

१९७३ साली हिताचीने 'हे झाड कुठलं?' असं विचारणारं गाणं आणलं. शब्द इतो आकिरा यांचे, चाल कोबायाशी आसेई यांची. पुढे त्या गाण्याबरोबर जे झाड प्रसिद्ध झालं, ते हवाईतल्या ओआहू बेटावरच्या मोआनालुआ बागेतलं. आपल्याकडे मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर सावली धरणारा विलायती शिरीष तो हाच. जपानी पर्यटक आजही ते झाड बघायला जातात.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात, तेलसंकटाने देश हादरला असताना, शिसेइदोच्या देखण्या जाहिराती करणारे सुगियामा तोशी यांनी सदतिसाव्या वर्षी आयुष्य संपवलं. मागे ठेवलेल्या चिठ्ठीत होतं, की आपण श्रीमंत नसताना श्रीमंत जग कळत नाही, आनंदी नसताना आनंदी जग रंगवता येत नाही, स्वप्न नसताना स्वप्न विकता येत नाही. जुन्या जाहिरातींच्या गोड आठवणींत ही चिठ्ठी सहसा येत नाही.

प्रेक्षकही सगळं निमूट बघत नव्हते. १९७५ मध्ये हाउस फूड्सच्या झटपट नूडल्सच्या जाहिरातीत मुलगी म्हणते 'मी बनवणारी' आणि मुलगा म्हणतो 'मी खाणारा'. महिला संघटनांनी आक्षेप घेतला आणि जाहिरात मागे घ्यावी लागली. १९८२ मध्ये टोटोच्या पाणी उडवणाऱ्या कमोडची जाहिरात ऐन जेवणाच्या वेळी लागली, तेव्हाही तक्रारी आल्या. तिच्यात गायिका तोगावा जून रंगाने माखलेला हात कागदाने पुसते आणि रंग काही निघत नाही. मग नाकाहाता ताकाशी यांची ओळ, 'ढुंगणालाही वाटतं, आपल्याला धुवावं.' वस्तूचा उपयोग इतका सरळ सांगणारी जाहिरात या सगळ्यांत विरळाच.

१९८८ च्या शरदात सम्राट हिरोहितो गंभीर आजारी पडले. निसानच्या गाडीच्या जाहिरातीत गायक इनोउए योसुई खिडकीतून हसत विचारायचे, 'मंडळी, बरे आहात ना?' ते वाक्य मुकं करून जाहिरात दाखवली गेली, ओठ तेवढे हलत राहिले. त्याच हिवाळ्यात जेआर तोकाई या रेल्वे कंपनीने ख्रिसमसला रेल्वेने भेटायला येणाऱ्या प्रेमिकांची मालिका सुरू केली. १९८९ च्या भागात माकिसे रिहो भेटवस्तू घेऊन नागोया स्टेशनातून धावते आणि प्रियकराला येताना बघून खांबामागे लपते. मागे यामाशिता तात्सुरो यांचं गाणं. गाडीचा वेग, भाडं, वेळापत्रक यांचा उल्लेखही नाही.

याच सुमारास रिगेन या शक्तिवर्धक पेयाने विचारलं, 'चोवीस तास लढू शकाल?' तेजीच्या धुंदीतल्या ऑफिसांत हे वाक्य अभिमानाने म्हटलं जाई. २०१४ मध्ये त्याच रिगेनने नव्या जाहिरातीत चोवीस तास लढणं झेपत नाही असं कबूल केलं आणि विचारलं, तीन-चार तास लढू शकाल का?