गोव्यात लग्नाला ‘करार’ म्हणतात ते कुठून आले

घाटावरून आलेल्या माणसाला गोव्यातले एक वाक्य हमखास खटकते: विवाह हा करार आहे. संस्कार वगैरे मानणारी मंडळी इथेही आहेतच, पण कायद्याच्या कागदावर शब्द करारच.

पोर्तुगीज दिवाणी संहिता १८६७ची, इथे ती १८७० पासून. हिंदूंच्या रूढींना १८८० साली थोडी वाट मिळाली. शब्द घट्ट बसला तो मात्र १९१० मुळे. ऑक्टोबरात लिस्बनमधली राजेशाही गेली आणि नव्या प्रजासत्ताकाने २५ डिसेंबरला, म्हणजे नेमका नाताळ गाठून, विवाहाचा कायदा काढला. त्यात लग्न म्हणजे कुटुंब उभारण्यासाठी स्त्री-पुरुषांनी केलेला करार. भांडण तिथल्या चर्चशी होते. ते शेकले फोंडा-पेडण्याच्या हिंदू घरांवरही, हे जरा गमतीचेच.

मुक्तीनंतर १९६२ च्या कायद्याने जुने कायदे चालू ठेवले आणि शब्दही राहिला.

खरा गुंता विवाहपूर्व कराराचा. काहीच लिहून ठेवले नाही तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक होते, वडिलोपार्जितसुद्धा, दोघांचा निम्मा-निम्मा वाटा. म्हणून तर नवऱ्याच्या नावावरची जमीन विकतानाही बायकोची सही लागते. वेगळी व्यवस्था हवी असेल तर नोटरीसमोर दस्त करायचा, तोही लग्नाआधी. नंतर तो करता येत नाही, बदलताही येत नाही.

पण ‘लग्नाआधी’ म्हणजे कधी? हिंदू घरांत मुहूर्ताआधी, असे धरून चालतात. कायदा मुहूर्त बघत नाही. नोंदणी कार्यालयात पहिली सही इराद्याची, काही दिवसांनी दुसरी सही झाली की लग्न लागले, हॉल पुढच्या मे महिन्यातला असला तरी. दुसरी सही आणि मुहूर्त यांच्या मधल्या काळात केलेला दस्त उशिराचा ठरतो. याच काळात बिनसले तर ‘साखरपुडा मोडला’ म्हणून सुटता येत नाही, न्यायालयात जावे लागते. कार्यालयांनी हे पहिल्या सहीच्या वेळीच ठणकावून सांगायला हवे.

चर्चमधल्या लग्नांना १९४६ पासून वेगळी वाट आहे.

२०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला: गोवेकराच्या वारशाला हीच पोर्तुगीज संहिता, मालमत्ता गोव्याबाहेर असली तरी. तेव्हा मुंबईतला फ्लॅटही आता याच हिशेबात धरायचा.