जुन्या, गंजलेल्या वाहनांचे कृष्णधवल छायाचित्रण

वापरातून बाद होऊन उघड्यावर गंजत पडलेल्या मोटारी, ट्रक, बस, ट्रॅक्टर, रेल्वे इंजिने यांची काळ्या-पांढऱ्या छटांत केलेली छायाचित्रे. गंजाचा रंग फार बोलका असतो. रंगीत छायाचित्रात नारिंगी-तपकिरी पत्रा सगळी नजर ओढून घेतो. पत्र्यावरचे पोचे, निसटलेले रिव्हेट, रंगाचे पोपडे, काचेतले तडे मागे पडतात. रंग काढून घेतला की आकार आणि पोत पुढे येतात. मग गंज करड्याच्या कोणत्या छटेत दाखवायचा, हे छायाचित्रकाराला स्वतः ठरवावे लागते. या प्रकारातले खरे कौशल्य तिथे आहे.

गंज म्हणजे लोखंडाची जलयुक्त ऑक्साइडे. ती निळा प्रकाश बहुतांशी शोषून घेतात आणि तांबडा बऱ्यापैकी परत फेकतात. त्यामुळे भिंगावर गडद लाल फिल्टर चढवला की गंज उजळतो, निळे आकाश काळवंडते आणि गाडी आकाशातून कोरून काढल्यासारखी उठून दिसते. निळ्या फिल्टरने नेमके उलट होते : गंज जवळजवळ काळा पडतो आणि पत्रा जळाल्यासारखा वाटतो. तांबडा प्रकाश न टिपणाऱ्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवरही गंज असाच काळा येतो. सर्व रंगांना संवेदनशील असलेली पॅनक्रोमॅटिक सामग्री विसाव्या शतकाच्या आरंभी बाजारात आली, तेव्हापासून ही निवड छायाचित्रकाराच्या हाती आली. गडद लाल फिल्टर सुमारे तीन स्टॉप प्रकाश खातो (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा), म्हणून तिपाई लागते. गाडी जागची हलत नाही, पण तिच्या भोवती माजलेले गवत वाऱ्यावर हलते आणि लांब उद्भासनात, म्हणजे फिल्मवर जास्त वेळ प्रकाश पडू दिला की, धूसर होते. काहींना ती धूसरता हवीच असते.

डिजिटल कॅमेऱ्यात हाच निर्णय नंतर, संगणकावर, लाल-हिरवा-निळा यांचे प्रमाण बदलून घेता येतो. नेहमीच्या रंगीत सेन्सरवर निम्मे बिंदू हिरव्या प्रकाशाचे आणि पाव-पाव लाल व निळ्याचे असतात. त्यामुळे केवळ लाल भाग वापरून काढलेले चित्र थोडे खरखरीत होते. लायका कंपनीने २०१२ मध्ये बिंदूंवर रंगीत फिल्टरांची जाळी नसलेल्या सेन्सरचा एम मोनोक्रोम कॅमेरा आणला. त्याला मात्र फिल्टर जागेवरच निवडावा लागतो. ही सक्ती उपयोगाची ठरते, कारण फिल्टर निवडण्यासाठी आधी पत्र्याचा मूळ रंग नीट पाहावा लागतो.

मूळ रंगाचे महत्त्व महाराष्ट्रातल्या दोन ओळखीच्या गाड्यांवरून चटकन कळते. राज्य परिवहनाच्या बाद झालेल्या लाल एसटीवर लाल फिल्टर वापरला, तर रंग आणि गंज दोन्ही उजळून एकमेकांत मिसळतात आणि गंज कुठे सुरू झाला तेच समजत नाही. हिरव्या फिल्टरने लाल रंग अधिक गडद होतो, गंज त्याहून किंचित फिका राहतो आणि दोन्ही वेगळे ओळखू येतात. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे टप पिवळ्या किंवा लाल फिल्टरने पांढरेफेक येते, तर निळ्याने खालच्या काळ्या अंगाच्या जवळ जाते. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनी, म्हणजे मुंबईकरांच्या 'फियाट', नियमानुसार २० वर्षांचे आयुष्य संपल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये टॅक्सी म्हणून रस्त्यावरून हद्दपार झाल्या. निदान ही गाडी तरी काळ्या-पांढऱ्यात टिपताना टपाची छटा विचारपूर्वक ठरवावी, नाहीतर तिची ओळखच पुसली जाते.

या विषयाला कलेचे वजन मिळवून देणाऱ्या आरंभीच्या छायाचित्रांत अमेरिकेच्या वॉकर एव्हान्स यांचे चित्र अग्रस्थानी आहे. महामंदीच्या काळात सरकारी पुनर्वसन खात्यासाठी काम करताना त्यांनी १९३५ मध्ये पेनसिल्व्हेनियात मोटारींचे एक भंगारमैदान टिपले. मोकळ्या कुरणात मोडक्या गाड्या दाटीवाटीने पडल्या आहेत, पलीकडे झाडे आणि शांत क्षितिज आहे. एकाही गाडीला एव्हान्स यांनी नायक केलेले नाही. फोर्डची मॉडेल टी १९०८ ते १९२७ या काळात सुमारे दीड कोटी इतकी बनली होती. मोटार ही सामान्य माणसाच्या आवाक्यातली वस्तू झाली आणि थोड्याच वर्षांत तिचे ढीगही साचले, हे त्या चित्रात कुठलाही आव न आणता दिसते. आज बहुतेक जण एकाच गाडीचा एकच दिवा जवळून टिपतात आणि कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळ-गडद छटांतला फरक, ताणून पत्रा कोळशासारखा करतात. त्या चित्रांत गंज दिसतो, पण गाडी इथे का आली हे दिसत नाही.

गंजाची जात हवेवर ठरते. कॅलिफोर्नियातले बोडी हे ओसाड पडलेले सोन्याच्या खाणींचे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे २,५५० मीटर उंचीवर, कोरड्या हवेत आहे. ते १९६२ पासून राज्याचे ऐतिहासिक उद्यान असून, इमारती नव्या न करता आहे त्या पडझडीतच राखायच्या असे तिथले धोरण आहे. तिथल्या जुन्या गाड्यांवर गंजाचा पातळ, घट्ट थर दिसतो आणि पत्र्याची वळणे शाबूत असतात. बोलिव्हियातल्या उयुनी गावाबाहेर जुन्या रेल्वे इंजिनांची रांगच पडली आहे. शेजारच्या मिठागरावरून येणारा खारा वारा तिथला पत्रा खातो. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर खारी हवा आणि धो धो पाऊस दोन्ही एकत्र येतात. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो, म्हणून तो रंगाला आतून उचलतो. फोड येतात, पापुद्रे सुटतात आणि मडगार्डला आरपार भोके पडतात. अशा पत्र्यावर सकाळ-संध्याकाळचा तिरपा प्रकाश पडला की प्रत्येक पापुद्र्याची सावली मिळते. भर दुपारी हे सगळे सपाट होते. क्रोमच्या बंपरला मात्र ढगाळ आभाळ मानवते.

पोलरायझर फिल्टर काचेवरची आणि रंगावरची चमक कापतो, पण उघड्या धातूवरची चमक त्याने फारशी जात नाही. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक समोरचे सगळे मध्यम करडे आहे असे धरून चालतो, त्यामुळे गडद गाडी वाजवीपेक्षा फिकी येते. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर या अमेरिकी छायाचित्रकारांनी १९४०च्या सुमारास मांडलेली झोन पद्धत इथे फार उपयोगी पडते : ज्या सावलीत तपशील हवा, उदाहरणार्थ बॉनेटखालचा काळोख, तिचे माप घेऊन दोन स्टॉप कमी उद्भासन द्यायचे आणि उजळ भाग फिल्म धुण्याच्या वेळेवर सांभाळायचे.

भारतात अशा गाड्या भंगारवाल्यांच्या वाड्यांत, गॅरेजांच्या मागे आणि पोलीस ठाण्यांच्या आवारात सापडतात. ठाण्यातली वाहने पुष्कळदा मुद्देमाल असतात. परवानगीशिवाय तिथे कॅमेरा काढू नये. अपघातात चेपलेल्या गाडीत कुणाचा तरी जीव गेलेला असू शकतो. तिचा क्रमांक आणि आतल्या वस्तू टिपणे टाळावे, आणि चित्र देखणे व्हावे म्हणून गाडीतले सामान इकडेतिकडे सरकवू नये. फाटका पत्रा, फुटकी काच आणि सीटखाली आसरा घेतलेले साप यांचा धोका खरा असतो. २०२१ मध्ये केंद्र सरकारने वाहन मोडीत काढण्याचे धोरण जाहीर केले; त्यानुसार जुनी वाहने नोंदणीकृत केंद्रांत सुटी करून धातू वेगळा काढला जातो. जी गाडी वर्षानुवर्षे माळावर पडून राहिली असती, ती आता काही तासांत सुटी होऊ शकते. म्हणून चित्रासोबत गाव, महिना, गाडीचा प्रकार आणि मूळ रंग लिहून ठेवावा. यातला मूळ रंग कृष्णधवल चित्रावरून नंतर कुणालाही ओळखता येत नाही.