जमिनीतला सेंद्रिय कर्ब आणि बाटलीतलं ह्युमिक

नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात, निफाड-दिंडोरीकडे माती परीक्षणाचा अहवाल आला, की बागायतदाराची नजर आधी सेंद्रिय कर्बाच्या, म्हणजे मातीतल्या सेंद्रिय पदार्थातल्या कार्बनच्या, रकान्यावर जाते. तिथे ०.४ टक्के दिसलं, की सल्ला ठरलेला: "ह्युमिक (बाटलीत मिळणारा काळा अर्क) सोडा, कर्ब वाढेल." मला हा सल्ला मुळीच पटत नाही. साधा हिशेब करून बघा.

एकरभर जमिनीचा वरचा १५ सेंटिमीटरचा थर साधारण ८ लाख किलो भरतो. कर्ब ०.१ टक्क्याने वाढवायचा, म्हणजे त्यात ८०० किलो कर्ब टिकून राहायला हवा. कर्बाला १.७२४ ने गुणून सेंद्रिय पदार्थ काढायची जुनी रीत आहे, त्या हिशेबाने हे झाले जवळपास १४०० किलो. टाकलेल्या खताचा बराच भाग जिवाणू खाऊन टाकतात आणि तो कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातो, त्यामुळे टाकावं लागतं याच्या कितीतरी पट. याउलट १२ टक्क्यांचं ह्युमिक एकरी ५ लिटर सोडलं, तरी त्यात ह्युमिक असतं सहाशे-सातशे ग्रॅम. अहवालातला आकडा त्याने हलणार कसा?

सेंद्रिय पदार्थात काय काय येतं? अर्धवट कुजलेला पाला, जुन्या मुळ्या, शेणखत, जिवंत आणि मेलेले जिवाणू, बुरशीचे धागे, आणि चिकणमातीच्या कणांना घट्ट धरून बसलेला कुजका भाग. गांडुळापासून जिवाणूपर्यंत सगळ्यांचं पोट यावर चालतं. ते खातात तेव्हा अडकलेलं नत्र, स्फुरद, गंधक मोकळं होऊन मुळांना मिळतं. मातीचे कणही याच पदार्थाने एकमेकांना धरतात. बांधावरच्या गवताखालचं एक वाळलेलं ढेकूळ आणि सतत ट्रॅक्टर फिरणाऱ्या ओळीतलं एक, अशी दोन ढेकळं पाण्याच्या ग्लासात अलगद सोडा. बांधावरचं बहुधा आकार धरून राहतं, दुसरं बघता बघता विरघळून तळाला गाळ होतो. पावसाचा पहिला जोरदार सडाका आला की शेतात हेच घडतं: वर पापुद्रा धरतो, पाणी मुरायचं सोडून वाहतं.

बाटलीतलं ह्युमिक बहुतेक वेळा लिग्नाइट किंवा लिओनार्डाइट या कोळशाच्या जातीच्या खनिजातून पोटॅशियम हायड्रॉक्साइड या अल्कलीने काढलेलं असतं. अल्कलीने काळा अर्क काढायची ही रीत १७८६ सालची, जर्मनीतल्या आखार्ड यांची. पुढे दोन शतकं असं मानलं गेलं, की कुजताना मातीत असेच मोठे, न मोडणारे रेणू तयार होतात. २०१५ मध्ये लेमन आणि क्लेबर या शास्त्रज्ञांनी याला थेट आव्हान दिलं. त्यांचं म्हणणं, हे रेणू बऱ्याच अंशी त्या अल्कलीच्या प्रक्रियेतच घडतात. मातीत असतात ते कुजण्याच्या वेगवेगळ्या टप्प्यांवरचे तुकडे. वाद अजून मिटलेला नाही, पण मला त्यांची बाजू सबळ वाटते.

याचा अर्थ ह्युमिक फेकून द्यायचं असा नाही. २०२१ पासून खत नियंत्रण आदेशात त्याची जागा जैव उत्तेजकांत, म्हणजे पिकाच्या वाढीला चालना देणाऱ्या पदार्थांत, आहे, आणि ती योग्यच आहे. छाटणीनंतर पांढरी मुळी सुटायला त्याची मदत होऊ शकते. आपल्या चुनखडीच्या जमिनीत लोह आणि जस्त मुळांच्या आवाक्यात ठेवायलाही ते उपयोगी पडतं. फक्त टाकीत कशाबरोबर मिसळता ते बघा. हातमोजे घालून ह्युमिकच्या पातळ द्रावणात फॉस्फोरिक ॲसिडचे थेंब टाकत गेलं, की काळा गाळ खाली बसतो आणि वर पिवळसर पाणी उरतं. गाळ हा ह्युमिकचा, पाण्यात राहिला तो फुल्विकचा, म्हणजे आम्लातही विरघळलेला राहणारा, भाग. कॅल्शियम नायट्रेटनेही असाच गाळ होतो आणि ड्रिपर तुंबतात.

कर्ब वाढवायचा तर छाटणीच्या काड्या बारीक करून बोदावर (वेलींच्या ओळीतल्या मातीच्या उंचवट्यावर) पसरा, रोगट काड्या तेवढ्या बाहेर काढा. दोन ओळींच्या मध्ये ताग किंवा धैंचा हे हिरवळीचं पीक घ्या, चांगलं कुजलेलं शेणखत दरवर्षी द्या, नांगरट कमी करा. मातीचा नमुना दरवेळी त्याच हंगामात, त्याच खोलीवरून काढा. आकडा हलायला काही वर्षं जातात.