पाटी लिंगनिदानाची, धसका गर्भपाताचा

नागपूरच्या धंतोलीत किंवा रामदासपेठेत कुठल्याही सोनोग्राफी सेंटरात जा, भिंतीवर पाटी असतेच: येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही, तो गुन्हा आहे. पाटी बरोबरच आहे. पण ती वाचून लोक ठरवून टाकतात की गर्भपातही गुन्हा. चांगली शिकलेली माणसं हे ठासून सांगतात, तेव्हा चीड येते.

लिंगनिदानाचा कायदा सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून दोनच ओळी. केंद्राचा १९९४ चा. महाराष्ट्राने आपला त्याआधीच, १९८८ मध्ये केला होता. मुलगा की मुलगी हे शोधणं, सांगणं, खुणेनं सुचवणं, त्याची जाहिरात करणं, सगळ्याला बंदी. गरोदर बाईच्या सोनोग्राफीला तपासणीच्या नोंदीचा एफ फॉर्म भरतात तो यासाठीच.

गर्भपाताचा कायदा १९७१ चा, आणि तो परवानगी देणारा आहे. २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं. बाईच्या शरीराला किंवा मनाला गंभीर इजा पोचण्याचा धोका असेल तर गर्भपात करता येतो. गर्भनिरोधक साधन निकामी ठरून राहिलेला नको असलेला गर्भही त्यात धरला आहे. २०२१ च्या दुरुस्तीने इथला 'विवाहित स्त्री आणि तिचा नवरा' जाऊन 'स्त्री आणि तिचा जोडीदार' आला. २० ते २४ आठवड्यांत दोन डॉक्टर लागतात, तेही ठरावीक परिस्थितीतल्या बायकांसाठी. बलात्कारातून राहिलेला गर्भ, अल्पवयीन मुलगी, गरोदरपणातच आलेलं वैधव्य किंवा झालेला घटस्फोट, अशी ती यादी.

खरी गल्लत होते ती साधारण तेराव्या ते विसाव्या आठवड्यात. सोनोग्राफीत लिंग दिसू लागतं ते याच सुमारास, म्हणून या काळात गर्भपाताला आलेल्या प्रत्येक बाईकडे 'हिने तपासून घेतलं असेल' अशा नजरेनं पाहिलं जातं. पण उशिराची कारणं कितीतरी असतात. पाळी आधीपासूनच अनियमित, घरी सांगायची भीती, पैशांची जुळवाजुळव. गर्भातले बरेचसे व्यंग तर अठराव्या-विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीतच कळतात. या बायकांना कायद्याने हात दिला आहे, आणि धास्तावलेला डॉक्टर त्यांना 'झंझट नको' म्हणून परत पाठवतो. मग त्या कुठल्या दारात जातात हे नागपुरात कोणाला सांगायला नको.

मुलगी आहे म्हणून गर्भ पाडणं हे १९७१ च्या कायद्यातलं कारण नाहीच. दोन्ही कायदे भिडतात ते एवढ्याच जागी. तिथे लिंग तपासणाऱ्याला धरावं. बाईच्या उशिरा येण्यालाच पुरावा मानणं मला साफ नामंजूर आहे.

गर्भपात कुठे करून घ्यायचा, ते थोडक्यात: मेडिकल, मेयो, डागा ही सरकारी रुग्णालयं, त्यांना वेगळी मान्यता लागत नाही. खाजगी दवाखान्याला लागते, तेव्हा तिथलं प्रमाणपत्र बघून घ्या. आलेल्या बाईचं नाव बाहेर फोडणं हाही गुन्हा आहे.

आणि ती नवऱ्याची सही! अठरा पूर्ण झालेल्या बाईची स्वतःची संमती पुरते; पालकाची लागते ती अल्पवयीन किंवा मानसिक आजार असलेल्या बाईसाठी. काउंटरवर कोणी 'मिस्टरांना घेऊन या' म्हणालंच, तर संमतीचा सी फॉर्म मागा. त्यात नवऱ्याच्या सहीला रकानाच नाही.