एलिनॉर म्हणजे हीरोच्या रूपातली टेस्ट ऑफ विल नव्हे

‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज: द कार्ड गेम’ हा खेळाडूंनी मिळून खेळाच्याच ‘एन्काउंटर डेक’विरुद्ध खेळायचा पत्त्यांचा खेळ 2011 साली आला, आणि तेव्हापासून एलिनॉर ही हीरो आणि टेस्ट ऑफ विल हे कार्ड यांच्याबद्दल एक वाक्य काही मरत नाही: “एलिनॉर असताना टेस्ट ऑफ विल कशाला? ती तेच काम दर फेरीला फुकटात करते.”

टेस्ट ऑफ विल सगळ्यांना पाठ आहे. स्पिरिट या गटाचा इव्हेंट (एकदा वापरून टाकायचं कार्ड), किंमत 1 रिसोर्स (कार्डं खेळायचं चलन), एन्काउंटर डेकमधून नुकत्याच उघडलेल्या कार्डाचा ‘व्हेन रिव्हील्ड’, म्हणजे उघडताच लागू होणारा, परिणाम रद्द. पुढे चला.

एलिनॉरचा मजकूर मात्र लोक अर्धाच वाचतात. ट्रेचरी (शत्रू किंवा लोकेशन नसलेलं, नुसता फटका देणारं कार्ड) उघडली की एलिनॉरला आडवं करून, म्हणजे त्या फेरीपुरतं वापरून, त्या ट्रेचरीचा ‘व्हेन रिव्हील्ड’ परिणाम रद्द करता येतो, हे पहिलं अर्ध. दुसरं असं: मग ते कार्ड टाकून द्यायचं आणि त्याच्या जागी डेकमधलं पुढचं कार्ड घ्यायचं. सगळा घोळ या दुसऱ्या अर्ध्यात आहे.

त्याआधी किरकोळ फरक. एलिनॉर फक्त ट्रेचरीवर चालते, टेस्ट कुठल्याही कार्डावर. ‘पॅसेज थ्रू मर्कवुड’ या मोहिमेच्या 36 कार्डांत 16 शत्रू, 13 लोकेशन आणि 7 ट्रेचरी आहेत. म्हणजे एलिनॉरला 7 कार्डं. टेस्टला त्यांच्याखेरीज ‘व्हेन रिव्हील्ड’ असलेले शत्रूही: 3 डोल गुल्डुर ऑर्क्स, 2 किंग स्पायडर, अंगोलियंट्स स्पॉन आणि ब्लॅक फॉरेस्ट बॅट्स मिळून 14. (टेस्टने परिणाम रद्द केला म्हणून शत्रूचं कार्ड उचलून टाकून देणारे अजूनही भेटतात. शत्रू स्टेजिंग एरियातच (उघडलेली कार्डं साठतात ती जागा) राहतो, थ्रेटसकट, म्हणजे क्वेस्टमध्ये आपल्या पात्रांच्या विलपॉवरला तोंड देणाऱ्या आकड्यासकट.) छापलेले सर्ज (आणखी एक कार्ड उघडा) आणि डूम्ड (खेळाडूंचा थ्रेट वाढवा) दोघींनाही थांबवता येत नाहीत, ते कीवर्ड आहेत. शॅडो परिणामासाठी (शत्रूच्या हल्ल्यात उलटणाऱ्या कार्डाचा) हेस्टी स्ट्रोक हे वेगळं कार्ड आहे, त्यात या दोघींचा काही संबंध नाही.

आता मुद्दा. ट्रेचरी स्टेजिंग एरियात थांबत नाही, त्यामुळे तिचा स्वतःचा थ्रेटही तिथे वाढत नाही. एकट्याने खेळताना फेरीला एकच कार्ड उघडतं, म्हणून सौम्य ट्रेचरी आली तर ती फेरी खरं तर दम खायची असते. टेस्ट वापरली की त्या फेरीचा एन्काउंटरचा हिशेब शून्यावर येतो. एलिनॉर वापरली की एक कार्ड जातं आणि दुसरं येतं. मांडणीत एक फॉरेस्ट स्पायडर आणि एक ओल्ड फॉरेस्ट रोड आधीच बाहेर काढलेले असतात, म्हणून सुरुवातीला डेकमध्ये 34 कार्डं उरतात. पहिलंच कार्ड ट्रेचरी निघालं आणि एलिनॉरने ते घालवलं, तर उरलेल्या 33 पैकी 27 कार्डं शत्रू किंवा लोकेशन आहेत. दहातल्या आठ वेळा तुम्ही निघून जाणारी पीडा देऊन ठाण मांडणारी पीडा घेता.

म्हणून टेस्ट हातात असेल तर विचारायचं, “हे कार्ड वाईट आहे का?” एलिनॉरसाठी प्रश्न वेगळा: “या डेकमधून बदली येऊ शकणाऱ्या कार्डापेक्षा हे वाईट आहे का?” उत्तर बऱ्याचदा ‘नाही’ येतं.

नेक्रोमॅन्सर्स रीच घ्या, याच्या तीन प्रती आहेत. आडव्या असलेल्या प्रत्येक पात्राला 1 इजा. दोन धडधाकट हीरो क्वेस्टवर जाऊन आडवे असतील तर एकूण 2 इजा, सोसा. मात्र 1 हिट पॉइंटचे दोन-तीन सोबती आडवे असतील तर एलिनॉर हवीच. ड्रिव्हन बाय शॅडो: स्टेजिंगमधल्या प्रत्येक शत्रूला आणि लोकेशनला त्या फेजपुरता 1 थ्रेट जास्त. तिथे दोनच कार्डं असतील तर 2 थ्रेट, तोही लगेच सरणारा. बदल्यात नेक्रोमॅन्सर्स पास आला तर 3 थ्रेट तिथेच बसून राहतो. अशा ठिकाणी एलिनॉर वापरणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

कॉट इन अ वेब मात्र डोळे झाकून रद्द करा. जाळ्यातला हीरो रिफ्रेशला (फेरीअखेर पात्रं उभी होतात तेव्हा) उभा राहायला स्वतःच्याच साठ्यातले 2 रिसोर्स मागतो, आणि हीरोला फेरीला मिळतो 1. आइज ऑफ द फॉरेस्ट हातातले सगळे इव्हेंट घालवतं. तेव्हा हात बघून ठरवा.

बदली आलेलं कार्डही ट्रेचरी निघालं तर? एलिनॉर आडवी झालेली आहे, ते पूर्ण लागू होतं. तिथे टेस्ट चालते. म्हणून स्पिरिटच्या डेकमध्ये एलिनॉर असली तरी टेस्टच्या तीनही प्रती हव्यातच. एकीमुळे दुसरी काढून टाकणं मला तरी कळत नाही.

किमतीबद्दलही चुकीची रड असते. “एलिनॉर क्वेस्टला जात नाही, विलपॉवर वाया जाते.” तिची विलपॉवर 1 आहे! शिवाय ट्रेचरी आलीच नाही तर ती उभीच असते, 2 डिफेन्सने बचाव करते. खरी किंमत तीनपैकी एका हीरोची जागा. त्या जागी एओविन आली असती तर 4 विलपॉवर मिळाली असती, सुरुवातीच्या थ्रेटमध्ये (हा खेळाडूचा स्वतःचा आकडा) 7 ऐवजी 9 ची भर पडून. टेस्टची किंमत 1 नाही, तर दर फेरीला राखून ठेवलेला 1 स्पिरिट रिसोर्स आहे. प्लॅनिंगमध्ये (कार्डं खेळायच्या टप्प्यात) सगळं उधळलंत तर ती हातात शोभेला. आणि 50 कार्डांच्या डेकमध्ये तीन प्रती असूनही, मलिगन (सुरुवातीचा हात बदलून घेणं) न करता पहिल्या क्वेस्टपर्यंत ती हातात येण्याची शक्यता सुमारे 37 टक्के. एलिनॉर पहिल्या फेरीपासून समोर असते, एवढं तिचं खरं बळ.

एकट्याने खेळताना मी तिला घेत नाही. चौघांत घेतो: फेरीला चार कार्डं उघडतात, त्यात खरोखर घातक ट्रेचरी निघण्याची शक्यता वाढते, आणि बदली कार्डाचा भार चार जणांत वाटला जातो. फक्त पुढचं कार्ड बघायच्या आधी निर्णय घ्यावा लागतो.

एलिनॉरवर अनएक्स्पेक्टेड करेज (2 रिसोर्सचं, हीरोला पुन्हा उभं करणारं कार्ड) लावून “दोनदा रद्द” करणाऱ्यांसाठी: वरच्या उदाहरणात बदली कार्ड ट्रेचरी असण्याची शक्यता 33 पैकी 6. त्या 2 रिसोर्समध्ये दोन टेस्ट होतात.