नऊशे थडगी आणि पुठ्ठ्याच्या पट्ट्या

गिझाच्या मोठ्या पिरॅमिडच्या बाजूत वर्षाचे दिवस दडवून ठेवले आहेत, असं सांगणारा संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हा फिरू लागलाय. त्याच्या मागोमाग तांब्याच्या छोट्या पिरॅमिडची जाहिरात येते: ईशान्य कोपऱ्यात ठेवा, घरात ऊर्जा येईल. या दिवसांच्या गणिताचा निकाल १८८३ सालीच लागलेला आहे. तो लावणारा ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री हा माणूस आपल्याकडे फारसा कुणाला माहीत नाही, आणि त्याचं पुढचं काम तर त्याहूनही कमी लोकांना.

पेट्रीचा जन्म १८५३ सालचा, लंडनजवळचा. प्रकृती नाजूक, म्हणून शाळेत गेलाच नाही. मोजणी तो वडिलांकडून शिकला. स्कॉटलंडचे राजज्योतिषी पियाझी स्मिथ तेव्हा सांगत होते की, पिरॅमिड ‘पिरॅमिड इंच’ नावाच्या, ब्रिटिश इंचाहून किंचित मोठ्या दैवी मापात बांधला आहे आणि त्याची बाजू २५ पिरॅमिड इंचांच्या हाताने मोजली की ३६५.२४२, म्हणजे वर्षाच्या दिवसांइतकी भरते. पेट्रीचे वडील या मताचे होते, तरुण पेट्रीलाही ते पटलं होतं. १८८० च्या डिसेंबरात तो थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, घेऊन गिझाला पोचला, खडकात खोदलेल्या एका रिकाम्या थडग्यात राहिला आणि दोन हिवाळे मोजत बसला. स्मिथच्या हिशेबाने बाजू सुमारे ९,१४० ब्रिटिश इंच भरायला हवी होती. पेट्रीला सरासरी मिळाली ९,०६९ इंच, म्हणजे २३०.३५ मीटर. फरक जवळपास १.८ मीटरचा. सिद्धांत तिथेच संपला. ज्याच्यावर विश्वास होता तेच मोजायला जाऊन, आलेला आकडा जसाच्या तसा छापणं, याला मी विज्ञान म्हणतो. ऊर्जेची जाहिरात करणाऱ्यांनी असा एक तरी आकडा आजवर दाखवलाय का?

पण पेट्रीचं मला सर्वांत आवडणारं काम पिरॅमिडचं नाही, मडक्यांचं आहे.

१८९४-९५ च्या हिवाळ्यात त्याने वरच्या, म्हणजे दक्षिणेकडच्या इजिप्तमध्ये, नाईलच्या पश्चिम काठावर नकादा इथे दोन हजारांहून अधिक थडगी उघडली. वाळूत उथळ खड्डा, त्यात कुशीवर पाय पोटाशी घेतलेला मृतदेह आणि भोवती मडकी. कुठे अक्षर नाही, राजाचं नाव नाही. आधी त्याला वाटलं, ही बाहेरून चालून आलेली कुठली तरी ‘नवी जमात’ असावी. ते साफ चुकलं. जाक द मॉर्गन या फ्रेंच संशोधकाने दाखवून दिलं की हे लोक फेरोंच्या राजवंशांच्या आधीचे इजिप्शियनच आहेत. पेट्रीने पुढे ते मान्य केलं. आता प्रश्न असा की, यांतलं आधीचं थडगं कुठलं आणि नंतरचं कुठलं? गावाच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडात, थरावर थर चढतात, खालचा जुना आणि वरचा नवा. दफनभूमीत प्रत्येक खड्डा स्वतंत्र, त्यामुळे थरांचा उपयोग शून्य.

घरातले तारखा नसलेले जुने फोटो आपण कसे लावतो? बेलबॉटम कुठे दिसते, कुठला चष्मा, कुठली केशरचना, यावरून. एखादी फॅशन येते, वाढते, ओसरते आणि सहसा परत येत नाही. पेट्रीने हेच मडक्यांना लावलं. मडक्यांची नऊ कुळं पाडली: काळ्या काठाची तांबडी, घोटून चकचकीत केलेली, पांढऱ्या रेषांची, नक्षीची, ओबडधोबड वगैरे. कुळांच्या आत शेकडो प्रकार. मग ज्यांत निदान पाच वेगळे प्रकार सापडले अशी सुमारे ९०० थडगी निवडली. प्रत्येक थडग्यासाठी पुठ्ठ्याची एक पट्टी, तिच्यावर नऊ रकाने, रकान्यांत त्या थडग्यातल्या मडक्यांचे क्रमांक. पट्ट्या एकाखाली एक मांडायच्या आणि वरखाली सरकवत राहायचं. ध्येय एकच: कुठलाही प्रकार पाहिला, तर त्याच्या नोंदी ठिकठिकाणी विखुरलेल्या न राहता शक्य तितक्या सलग आल्या पाहिजेत.

हे वाटतं तेवढं सोपं नाही. एका प्रकाराच्या नोंदी सलग करायला पट्टी हलवली की दुसऱ्याच्या तुटतात. ९०० पट्ट्यांच्या मांडण्या इतक्या आहेत की सगळ्या तपासणं आजच्या संगणकालाही अशक्य. शिवाय मांडणी जमली तरी ती उलटी वाचली तर तितकीच बरोबर दिसते. जुनं टोक कुठलं?

ते सांगितलं एका कानवाल्या मडक्याने. पोट फुगलेलं, दोन्ही बाजूंना नागमोडी कान, धरून उचलता येतील असे. दुसऱ्या एका थडग्यात त्याच घराण्यातलं मडकं जरा सडपातळ, कान चपटे, बोट अडकणार नाहीत. पुढे मडकं सरळ नळकांड्यासारखं होतं आणि कानांच्या जागी उरते अंगावर फिरलेली नुसती नागमोडी रेघ. कामाचा कान झिजत झिजत नक्षी होतो. नक्षीतून मुठीत धरायचा कान उगवेल, हे पटण्यासारखं नाही. शिवाय नळकांडी मडकी पहिल्या राजवंशाच्या मडक्यांशी जुळत होती. दिशा ठरली.

हा क्रम त्याने पन्नासएक गटांत विभागला आणि त्यांना ३० ते ८० असे क्रमांक दिले. १ ते २९ मोकळे ठेवले, कारण याहून जुनं काही पुढे सापडेल अशी त्याची खात्री होती. तसं सापडलंही. हे क्रमांक म्हणजे वर्षं नव्हेत. ४० आणि ४१ मधलं अंतर ६० आणि ६१ मधल्या अंतराइतकंच असेल असं नाही. ४० नंतर ५० येतो, एवढंच ते सांगतात. ही पद्धत त्याने १९०१ मध्ये इजिप्तमधल्या हू या ठिकाणच्या उत्खननाच्या अहवालात मांडली. १९५७ मध्ये जर्मन संशोधक वेर्नर कायझरने थडगी दफनभूमीत कुठे आहेत हेही विचारात घेऊन क्रमात दुरुस्त्या केल्या. पुढे कार्बन-१४ ने, म्हणजे जुन्या सेंद्रिय अवशेषांतला किरणोत्सारी कार्बन मोजून वय काढण्याच्या पद्धतीने, प्रत्यक्ष वर्षं दिली: हा सगळा पट ढोबळमानाने इसवी सनपूर्व ४००० ते ३१०० यांच्या दरम्यान बसतो. पेट्रीचा ढाचा टिकून राहिला. १९६० च्या दशकात ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ डेव्हिड केंडाल यांनी पट्ट्यांचं हे कोडं कोष्टकांच्या गणितात मांडलं, आणि पेट्रीची गणना एकोणिसाव्या शतकातल्या थोर उपयोजित गणितींमध्ये केली.

पेट्रीच्या आधी उत्खनन म्हणजे पुतळे आणि सोनं. खापरं ढिगाऱ्यावर फेकली जात. आपल्याकडची जोर्वे संस्कृतीसुद्धा संगमनेरजवळच्या जोर्वे गावी मिळालेल्या रंगीत मडक्यांवरून ओळखली गेली, हे आठवलं की खापराचं मोल कळतं.

मोजण्याच्या या हौसेला एक काळी बाजूही होती. पेट्री कवट्याही मोजायचा, आणि संस्कृती पुढे जाते ती ‘श्रेष्ठ’ वंशांच्या आक्रमणांमुळे, असं मानायचा. फ्रान्सिस गाल्टनच्या सुप्रजननवादाचा, म्हणजे निवडक माणसांचीच संतती वाढवून वंश ‘सुधारायच्या’ कल्पनेचा, तो समर्थक होता. मडक्यांच्या बाबतीत त्याने स्वतःचं मत पुराव्यावर तपासून घेतलं, माणसांच्या बाबतीत घेतलं नाही. ही गोष्ट त्याच्या चरित्रातून वगळता येत नाही. तसाच वगळता येत नाही अली सुएफी, त्याचा कुशल इजिप्शियन उत्खनक, आणि किफ्त गावचे कारागीर. त्यांच्या पुढच्या पिढ्या इजिप्तभरच्या उत्खननांत हेच काम करत राहिल्या.

पेट्री १९४२ मध्ये जेरुसलेमला वारला. त्याच्या संग्रहातून उभं राहिलेलं संग्रहालय लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात आहे. तिथल्या सुमारे ८०,००० वस्तूंमध्ये नागमोडी कानांची मडकीही आहेत. लंडनला गेलात तर ती क्रमाने पाहा, कान कुठे संपतो आणि रेघ कुठे सुरू होते ते स्वतः ठरवा.