प्रजनन संस्थेची मॉडेल्स : वर्गात उघडण्याआधी

खोक्यात दोन मॉडेल्स आहेत, एक पुरुषाचं आणि एक स्त्रीचं. दोन्ही फायबरची, प्रौढ माणसाच्या मापाची आणि ओटीपोटाचा उभा छेद दाखवणारी. "पुस्तकात समोरून दिसतं, तुमचं बाजूने का?" असं शिक्षक हमखास विचारतात. समोरून काढलेली आकृती फळ्यावर उतरवायला आणि परीक्षेत नावं द्यायला सोयीची असते. मात्र मूत्राशय पुढे, गुदाशय मागे आणि मधल्या चिंचोळ्या जागेत हे सगळं कसं बसतं, ते तिच्यात कळत नाही. मुलांचे खरे प्रश्न नेमके या शेजारपाजारातूनच येतात.

पुरुषाचं मॉडेल

आधी वृषणकोश उघडा. आतलं वृषण साधारण 4 ते 5 सें.मी. लांब असतं. गर्भात ते पोटात तयार होतं आणि बहुधा जन्मापर्यंत खाली उतरतं. शुक्रपेशी नीट तयार व्हायला शरीरापेक्षा दोन-तीन अंश कमी तापमान लागतं, म्हणून ही जागा शरीराबाहेर. थंडीत वृषणकोश आक्रसतो, उन्हाळ्यात सैल पडतो, तोही यासाठीच. एक वृषण दुसऱ्यापेक्षा थोडं खाली असणं अगदी सामान्य आहे. हे मुद्दाम सांगा, कारण मुलं विचारत नाहीत आणि मनात घोर लावून बसतात. लहान बाळाचं वृषण खाली उतरलेलंच नसेल तर मात्र डॉक्टरांना दाखवायला हवं.

वृषणाच्या मागे चिकटलेला निळा भाग म्हणजे अधिवृषण. त्यातली गुंडाळलेली नळी सरळ केली तर सुमारे 6 मीटर भरते. वृषणात शुक्रपेशी घडायला दोन महिन्यांहून अधिक लागतात आणि मग त्या या नळीत पक्व होतात. आज ताप येऊन गेला तर त्याचा परिणाम पुढच्या दोन-तीन महिन्यांतल्या वीर्यतपासणीत दिसू शकतो, तो यामुळेच.

आता पांढऱ्या शुक्रवाहिनीवरून बोट फिरवा. ती वृषणकोशातून वर चढते, जांघेतून पोटात शिरते, मूत्राशयाला वळसा घालून मागे जाते आणि शुक्राशयाची, म्हणजे वीर्यातला द्रव बनवणाऱ्या पिशवीची, नळी सोबत घेऊन पुरस्थ ग्रंथीत, म्हणजे प्रोस्टेटमध्ये उतरते. बिनटाक्याच्या नसबंदीत ती वृषणकोशातच कापून बंद करतात. मॉडेलवर ती जागा लाल रेघेने दाखवली आहे. वीर्याचा बहुतेक भाग शुक्राशय आणि प्रोस्टेट यांतून येतो आणि ते दोन्ही या रेघेच्या पुढे आहेत. त्यामुळे नसबंदीनंतर वीर्याचं प्रमाण जवळपास तेवढंच राहतं. पुरुषत्वाचा हार्मोन टेस्टोस्टेरॉन नळीतून जातच नाही, तो वृषणातून थेट रक्तात मिसळतो. "ताकद जाते" या समजुतीला दुसरं उत्तर द्यायची गरज नाही, रेघ दाखवली की पुरे. फक्त रेघेच्या पुढे आधीच पोचलेल्या शुक्रपेशी संपेपर्यंत, म्हणजे सुमारे तीन महिने, दुसरं साधन वापरावं लागतं आणि मग वीर्य तपासून खात्री करून घ्यावी लागते.

प्रोस्टेटच्या मधोमध मूत्रमार्ग जातो. उतारवयात ही ग्रंथी वाढली की लघवीची धार बारीक का होते, ते वेगळं सांगावं लागणार नाही.

स्त्रीचं मॉडेल

इथे घाई करू नका. पहिल्यांदा खालची तीन तोंडं दाखवा : पुढे मूत्रमार्गाचं, मधे योनीचं, मागे गुदद्वार. लघवी आणि पाळी एकाच वाटेने होते असं समजणाऱ्या मोठ्या बायकाही भेटतात. सगळ्यांत पुढे शिश्निका, म्हणजे क्लिटोरिस. बाहेर दिसतं ते तिचं टोक, बाकीची आत दोन्ही बाजूंना पसरलेली असते. तिची अंतर्रचना नीट मांडणारा ऑस्ट्रेलियाच्या मूत्रशल्यविशारद हेलन ओकॉनेल यांचा शोधनिबंध 1998 चा. पुष्कळ जुन्या मॉडेल्समध्ये हा भाग नसतोच, आम्ही तो ठेवला आहे. काही शाळांनी "हा काढून द्या" असं म्हटलं. आम्ही काढून देत नाही.

योनिपटल हा योनीच्या तोंडाशी असलेला पातळ पडद्याचा कडेकडेचा घेर आहे, झाकण नव्हे. झाकण असतं तर पाळीचं रक्त बाहेर आलं नसतं. त्याचा आकार प्रत्येकीत वेगळा असतो आणि त्यावरून कौमार्य ठरवता येत नाही. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने 2019 मध्ये कौमार्याची तथाकथित लक्षणं अभ्यासक्रमातून काढली. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बलात्कारपीडितेची 'दोन बोटांची चाचणी' घेणं हे गैरवर्तन ठरवलं.

गर्भाशय सुटं निघतं. उलट्या पेरूसारखं, सुमारे साडेसात सें.मी. लांब आणि बहुतेकींमध्ये मूत्राशयावर पुढे कललेलं. काहींचं मागे कललेलं असतं, तो आजार नव्हे. आतला अस्तर दर महिन्याला जाड होतो आणि गर्भ राहिला नाही तर रक्तासोबत निघून जातो. पाळीत जाणारं रक्त सहसा 30 ते 40 मिली असतं. ते 'शरीरातली घाण' नाही, गर्भासाठी केलेली तयारी आहे.

अंडनलिका अंडाशयाला जोडलेली का नाही, असा 'दोष' कळवणारे फोन आम्हाला येतात. तो दोष नाही. नळीचं झालरीसारखं टोक अंडाशयाजवळ मोकळं असतं आणि बाहेर पडलेली अंडपेशी ते ओढून घेतं. फलन नळीतच होतं, गर्भाशयात नाही. अंडपेशी जेमतेम एक दिवस टिकते, शुक्रपेशी पाच दिवसांपर्यंत. फलित अंड नळीतच रुजलं तर नळी फुटू शकते आणि जिवावर बेतू शकतं.

अंडाशयावरचा पिवळा उंचवटा म्हणजे पीतपिंड. अंडपेशी बाहेर पडल्यावर मागे राहिलेल्या पुटिकेपासून, म्हणजे तिच्या रिकाम्या पिशवीपासून, तो बनतो, सुमारे चौदा दिवस प्रोजेस्टेरॉन हा अस्तर टिकवणारा हार्मोन देतो आणि गर्भ नसेल तर विरतो. मग पाळी येते. म्हणून अंडपेशी बाहेर पडण्याचा दिवस काढायचा तर पुढची पाळी ज्या दिवशी येणार, तिथून सुमारे चौदा दिवस मागे मोजा. 'पाळीचा चौदावा दिवस' हा हिशोब फक्त 28 दिवसांच्या चक्राला लागू पडतो. 21 ते 35 दिवसांचं कुठलंही चक्र मोठ्या स्त्रीत सामान्यच धरतात.

आता टाक्याचं ऑपरेशन, म्हणजे स्त्रीची नसबंदी, आणि 'पिशवी काढणं' यांतला फरक. पहिल्यात फक्त नळ्या बंद होतात, पाळी पूर्वीसारखीच येते. दुसऱ्यात गर्भाशय जातं आणि पाळी कायमची थांबते. सोबत अंडाशयंही काढली तर रजोनिवृत्ती एकदम अंगावर येते, पुढे हाडं ठिसूळ होण्याचा धोका वाढतो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजूर बायकांची गर्भाशयं तरुण वयातच काढली जात असल्याची चर्चा 2019 मध्ये राज्यभर झाली, चौकशी समितीही नेमली गेली. आशाताई आणि बचत गटांना हे मॉडेल देतो तेव्हा दोन्ही अंडाशयं बाजूला काढून ठेवून दाखवा, अशी आमची विनंती असते. "पिशवीसोबत हेही काढणार का?" हा प्रश्न डॉक्टरांना विचारायची हिंमत त्यातून येते.

निगा

ओल्या फडक्याने पुसा. स्पिरिट लावलं तर रंग उडतो. सुटे भाग चुंबकाने बसतात, दाबून बसवू नका. अंडाशयं सर्वांत लहान म्हणून हरवतात. सुटी मिळतात, पण मागवताना मॉडेलच्या तळाचा क्रमांक आणि डावं की उजवं ते कळवा, दोन्हींचे चुंबक वेगळ्या जागी आहेत.